एका माणसाला सगळीकडे एकच मुखवटा

कर्जांच्या डेटाबेसमध्ये ग्राहक क्रमांक ४८२१७ च्या नावावर दोन खाती आहेत. कार्डांच्या डेटाबेसमध्ये याच क्रमांकावर एक क्रेडिट कार्ड आहे, आणि तक्रारींच्या तिसऱ्याच प्रणालीत याच क्रमांकाखाली ‘हप्ता दोनदा कापला गेला’ अशी तक्रार नोंदवलेली आहे. नव्या सॉफ्टवेअरची चाचणी घेणाऱ्यांना ही तक्रार योग्य कर्जखात्याशी जोडली जाते की नाही, एवढेच पाहायचे असते. त्यासाठी त्या ग्राहकाचे खरे नाव, मोबाइल क्रमांक किंवा कार्ड क्रमांक त्यांच्या नजरेस पडण्याचे काहीच कारण नसते. म्हणून खऱ्या डेटाची प्रत काढून तिच्यातील संवेदनशील माहितीच्या जागी खोटी, पण खऱ्यासारखी दिसणारी माहिती भरली जाते. यालाच डेटा मास्किंग म्हणतात. एका टेबलापुरते हे काम सोपे आहे. तीन प्रणाली, त्या सांभाळणारे तीन गट आणि तीन वेगवेगळ्या जातीचे डेटाबेस आले की ते अवघड होते, आणि अडचण तंत्रात असेल असे धरून ती बहुधा चुकीच्या ठिकाणी शोधली जाते.

समजा, प्रत्येक प्रणालीने आपापले यादृच्छिक क्रमांक वापरले. कर्जांमध्ये ४८२१७ चा ९०३५६ झाला आणि कार्डांमध्ये ११७८४ झाला. दोन्ही टेबले सुटी पाहिली तर निर्दोष दिसतात. मात्र ग्राहक क्रमांकावरून त्यांची जोडणी, म्हणजे जॉइन, केली की या ग्राहकाचे कार्ड सापडत नाही. याहून वाईट म्हणजे कधीकधी ते सापडते: ११७८४ हा क्रमांक कर्जांच्या बाजूला भलत्याच कोणाला तरी मिळालेला असतो, आणि एकाचे कर्ज दुसऱ्याच्या कार्डाला चिकटते. रिकामा निकाल निदान लक्षात तरी येतो. चुकीचा जुळलेला निकाल मात्र सॉफ्टवेअरमधला दोष म्हणून नोंदवला जातो, आणि मग जो दोष तिथे नाहीच तो शोधण्यात माणसांचे दिवस जातात.

म्हणून अट अशी घालावी लागते की एका मूल्याचा मुखवटा सगळीकडे एकच असेल. ते मूल्य कोणत्या प्रणालीत आहे, मास्किंग आज झाले की पुढच्या महिन्यात, ते कोणी केले, यापैकी कशानेही उत्तर बदलता कामा नये. ही अट पाळण्याचे दोनच मार्ग आहेत: एकदा दिलेले उत्तर लक्षात ठेवणे, किंवा दर वेळी तेच उत्तर येईल अशा रीतीने ते गणिताने काढणे.

लक्षात ठेवण्याच्या मार्गात एक मध्यवर्ती नोंदवही ठेवली जाते. ४८२१७ पहिल्यांदा आला की त्याला एक नवे टोकन दिले जाते आणि ही जोडी वहीत लिहिली जाते. पुढे कोणीही ४८२१७ घेऊन आला की वहीत पाहून तेच टोकन मिळते. ही पद्धत समजायला सोपी आहे आणि टोकनात मूळ क्रमांकाचा काहीही अंश नसतो, हा तिचा मोठा गुण. पण सगळ्या प्रणालींना ती वही गाठता आली पाहिजे, दोघांनी एकाच क्षणी एकच नवे मूल्य विचारले तरी त्याला दोन टोकने जाता कामा नयेत, आणि मुख्य म्हणजे ही वही ज्याच्या हाती लागेल त्याच्यापुढे सगळेच मुखवटे गळून पडतात. कोट्यवधी नोंदी आणि अनेक प्रणाली असतील तर बहुतेक जण म्हणूनच गणिताकडे वळतात.

गणित म्हटले की पहिला विचार हॅशचा येतो. हॅश कोणत्याही मूल्याचे ठरावीक लांबीच्या अक्षरमालेत रूपांतर करतो, त्याच मूल्याला दर वेळी तोच निकाल देतो, आणि निकालावरून उलटे मूळ मूल्य काढण्याची सोय त्यात नसते. यावर विसंबून किती फसगत होते याचे उदाहरण न्यूयॉर्कच्या टॅक्सींचे आहे. २०१३ या वर्षातील सुमारे १७ कोटी टॅक्सीफेऱ्यांचा डेटा माहिती अधिकाराच्या तेथील कायद्याखाली मिळवला गेला आणि २०१४ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. टॅक्सीचा आणि चालकाचा परवाना क्रमांक त्यात एमडी५ या हॅशने झाकलेला होता. हॅश उलटा फिरवता येत नाही, हे खरेच. पण ते परवाना क्रमांक चार ते सात अक्षरांचे आणि ठरलेल्या साच्यातले असल्यामुळे एकूण शक्यताच दोन-अडीच कोटींच्या आसपास होत्या. एका अभियंत्याने त्या सगळ्यांचे हॅश आधीच काढून ठेवले आणि डेटातले हॅश त्या यादीत शोधले. साध्या संगणकाला त्यासाठी काही मिनिटे पुरली. दहा अंकी मोबाइल क्रमांकाच्या शक्यता जास्तीत जास्त १,००० कोटी असतात, आणि आजच्या चांगल्या ग्राफिक्स कार्डाला तेवढे एमडी५ हॅश काढणे हे काही सेकंदांचे काम आहे. थोडक्यात, उलटा रस्ता बंद असला तरी सगळी दारे एकेक करून ठोठावण्याइतकी गल्ली छोटी असेल, तर उलट्या रस्त्याची गरजच पडत नाही.

त्याच डेटात आणखी एक गंमत होती. एका चालकाच्या नावावर कोणा माणसाला शक्य नाहीत इतक्या फेऱ्या दिसत होत्या. तो हॅश ‘०’ या आकड्याचा निघाला. म्हणजे परवाना क्रमांक उपलब्ध नसलेल्या सगळ्या फेऱ्या एका काल्पनिक चालकाच्या खात्यावर जमा झाल्या होत्या. रिकामी जागा, शून्य, दहा वेळा ९ असे ‘माहिती नाही’ या अर्थाने भरलेले आकडे मास्किंगमधून वगळून जसेच्या तसे ठेवावेत, हा नियम तेव्हापासून मी तरी सर्वांत वर लिहितो. अशा मूल्यांना मुखवटा चढवला तर एकमेकांशी काहीही संबंध नसलेली हजारो माणसे खऱ्यासारख्या दिसणाऱ्या एका क्रमांकाखाली गोळा होतात, आणि इथे मुळात माहितीच नव्हती हे कोणाला कळत नाही.

शक्यता कमी असण्यावरचा उपाय म्हणजे हॅशमध्ये गुप्त किल्ली मिसळणे. एचमॅक या नावाने ही पद्धत १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आजही ती सर्रास वापरली जाते. किल्ली हाती नसलेल्याला सगळ्या शक्यतांचे हॅश काढून ठेवताच येत नाहीत, आणि किल्ली असलेल्या प्रत्येक प्रणालीला मध्यवर्ती वहीकडे न जाता तेच उत्तर मिळते. पासवर्डांसाठी वापरतात तसे दर नोंदीला वेगळे सॉल्ट, म्हणजे हॅश काढण्याआधी मूल्यात मिसळलेली यादृच्छिक अक्षरे, मात्र इथे चालत नाही, कारण मग एकाच क्रमांकाची दोन टेबलांत दोन उत्तरे येतात आणि आपण पुन्हा पहिल्या अडचणीपाशी येतो.

यानंतर अडवतो तो साचा. एचमॅकचा निकाल लांबलचक असतो, तर मोबाइल क्रमांकाच्या रकान्यात दहाच अंक मावतात. अशा वेळी निकालातून दहा अंक कापून घेण्याचा मोह होतो. हिशेब करून पाहू. दहा लाख ग्राहकांना १,००० कोटी शक्यतांमधून स्वैरपणे एकेक क्रमांक वाटला, तर सरासरी ५० जोड्या अशा निघतात की ज्यांतील दोघांना एकच क्रमांक मिळाला आहे. अवघ्या १ लाख १८ हजार ग्राहकांपाशीच अशी किमान एक टक्कर होण्याची शक्यता निम्म्यावर येते. त्या रकान्यात कोणतेही मूल्य दोनदा येऊ नये अशी अट डेटाबेसमध्ये असेल तर डेटा भरतानाच काम थांबते, आणि हे नशीब म्हणायचे. ती अट नसेल तर दोन माणसे गुपचूप एक होतात.

ज्या क्रमांकांनी माणूस ओळखला जातो, तिथे म्हणून प्रत्येक मूल्याला स्वतःचे असे एकच नवे मूल्य देणारी पद्धत लागते. पत्त्यांचा जोड पिसला की पाने तीच राहतात, कोणतेही पान दोनदा येत नाही, फक्त जागा बदलतात. तसेच दहा अंकी क्रमांकांचा सगळा संच गुप्त किल्लीने ‘पिसता’ येतो. साचा राखणारे कूटलेखन ते हेच. अमेरिकेच्या निस्ट या प्रमाणक संस्थेने मार्च २०१६ मध्ये अशा दोन पद्धती, एफएफ१ आणि एफएफ३, मान्य केल्या. पुढच्याच वर्षी संशोधकांनी एफएफ३ मधली उणीव दाखवून दिली, त्यामुळे नवीन काम करणाऱ्याने एफएफ१ कडे जावे. हीही जादूची कांडी नव्हे. शक्यतांचा संच लहान असेल तर पिसण्याला अर्थ उरत नाही, आणि निस्टने सुधारित मसुद्यात किमान १० लाख शक्यतांची अट घातली ती त्यासाठीच. लिंग किंवा रक्तगट अशा मोजक्या मूल्यांच्या रकान्याला सुसंगत मुखवटा देणे हे नुसते नाव बदलणे होय; कोणत्या चिन्हामागे ‘ओ पॉझिटिव्ह’ आहे हे संख्या मोजूनच कळते.

कार्ड क्रमांकात आणखी एक पाचर असते. त्याचा शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून काढलेला तपास-अंक असतो. आयबीएममधील हान्स पीटर लून यांच्या १९६० च्या पेटंटमधील ही युक्ती आजही चालते. मुखवटा चढवताना शेवटचा अंक सोडून बाकीचे बदलायचे आणि तपास-अंक नव्याने काढायचा, नाहीतर चाचणीतील प्रत्येक कार्ड ‘अवैध’ ठरते. एवढे जमते. पण पावत्यांच्या प्रणालीत कार्डाचे फक्त शेवटचे चार अंक साठवलेले असतील तर? पूर्ण क्रमांकाचा मुखवटा पूर्ण क्रमांकावरून निघतो. हाती चारच अंक असलेल्या प्रणालीला तो काढता येणारच नाही. अशा वेळी पावतीवरून आधी मूळ व्यवहार शोधायचा, त्यातला पूर्ण क्रमांक झाकायचा आणि झाकलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक पावतीत भरायचे, एवढा द्राविडी प्राणायाम करावा लागतो. शेवटचे चार अंक सगळीकडे खरेच ठेवणे हा सोपा मार्ग आहे, आणि तो घेतला तर आपण नेमके काय उघडे ठेवले आहे हे लिहून ठेवावे.

आतापर्यंतचा भाग गणिताचा होता, आणि गणित बहुधा दगा देत नाही. माझ्या मते खरे काम याच्या अलीकडे असते: मुखवटा काढणाऱ्या यंत्रात सगळ्या प्रणाली एकच मूल्य घालत आहेत का?

गणिताला अर्थ कळत नाही, त्याला फक्त बाइट कळतात. एका डेटाबेसमध्ये ग्राहक क्रमांक संख्या म्हणून ४८२१७ असा असतो, दुसऱ्यात अक्षरे म्हणून ००४८२१७ असा, आणि ठरावीक लांबीच्या रकान्यात तो पुढे पाच मोकळ्या जागा घेऊन बसतो. डोळ्यांना तिन्ही सारखे वाटतात. एचमॅकच्या लेखी ते तीन वेगळे ग्राहक आहेत आणि तिघांचे मुखवटे एकमेकांच्या जवळपासही नसतात. मधल्या एखाद्या टप्प्यावर फाइल एक्सेलमध्ये उघडून जतन केली गेली असेल तर आरंभीची शून्ये आधीच गळालेली असतात. ओरॅकल हा डेटाबेस रिकामी अक्षरमाला आणि ‘मूल्यच नाही’ यांत फरक करत नाही, तर इतर बरेच डेटाबेस करतात. मेनफ्रेम म्हणजे बँकांसारख्या संस्थांच्या जुन्या मोठ्या संगणकांवर अक्षरांची एबीसीडिक ही संकेतप्रणालीच वेगळी असते.

देवनागरीत तर हे अधिकच खोल जाते. ‘गोऱ्हे’ या आडनावातला ऱ्ह घ्या. एका टंकलेखकाने तो ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून लिहिलेला असतो, दुसऱ्याने ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही एकसारखे उमटतात, आतले बाइट मात्र वेगळे. ‘र’ आणि त्याखाली नुक्ता ही तिसरी वाट असते. युनिकोडच्या ठरलेल्या एकरूपीकरणाने ही नुक्त्याची वाट ‘ऱ’ मध्ये मिळून जाते, पण जोडचिन्हाची वाट मिळत नाही; तिच्यासाठी नियम आपल्यालाच लिहावा लागतो.

म्हणून मुखवटा चढवण्याआधी प्रत्येक मूल्याला एका ठरलेल्या रूपात आणतात: मोकळ्या जागा काढणे, आरंभीची शून्ये काढणे, मोबाइल क्रमांकापुढचा देशाचा संकेतांक वेगळा करणे, इंग्रजी अक्षरे एकाच लिपीरूपात, मोठ्या किंवा लहान, आणणे. इथे एक सापळा आहे आणि त्यात जाणतेही सापडतात. समजा, खऱ्या डेटात कर्जांकडचा क्रमांक मोकळ्या जागांसह आणि कार्डांकडचा त्यांच्याशिवाय असल्यामुळे काही नोंदी जुळत नव्हत्या, आणि सॉफ्टवेअरला ही गोष्ट हाताळता आली पाहिजे होती. आपण मास्किंग करताना सगळे स्वच्छ करून दिले तर चाचणीत सगळे जुळेल आणि तो दोष थेट खऱ्या वापरात उगवेल. चाचणीला मूळचा मळही हवा असतो. तेव्हा मुखवटा शुद्ध रूपावरून काढावा, पण परत ठेवताना मूळ पेहराव चढवूनच ठेवावा: जिथे दोन शून्ये होती तिथे दोन शून्ये, जिथे पाच मोकळ्या जागा होत्या तिथे पाच मोकळ्या जागा.

याच्याच जोडीचा प्रश्न म्हणजे काय काय एकाच जातीचे मानायचे. एका प्रणालीत रकान्याचे नाव ‘ग्राहक क्रमांक’ असते, दुसरीत ‘पक्षकार’, तिसरीत नुसते ‘संदर्भ’. तिघांत तोच क्रमांक असतो. उलट, शाखेचा पाच अंकी संकेतांक दिसायला ग्राहक क्रमांकासारखाच असतो आणि त्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नसतो. मास्किंगचे नियम रकान्यांना न लावता मूल्यांच्या जातींना लावावेत आणि कोणता रकाना कोणत्या जातीचा, याची यादी सर्व गटांनी बसून करावी. ही यादी करण्यात जाणारा वेळ पाहून लोक वैतागतात. प्रत्यक्षात मास्किंग म्हणजे बरेचसे हीच यादी असते. त्यातही क्रमांक लपून बसलेले असतात: खाते क्रमांकाच्या मधल्या पाच अंकांत, फाइलच्या नावात, तक्रारीच्या मजकुरात ‘माझा ग्राहक क्रमांक अमुक’ असा. मोकळ्या मजकुरातून प्रत्येक उल्लेख हुडकून काढण्याची हमी कोणी देऊ नये. चाचणीला त्या मजकुराची गरज नसेल तर तो सरळ काढून टाकलेला बरा.

नावांचे गणित सैल ठेवता येते. हजार नावांच्या यादीतून किल्लीने एक नाव निवडले आणि दोन ग्राहकांना एकच नाव आले, तरी बिघडत नाही, कारण खऱ्या जगातही असे होतेच. ते नाव आणि ईमेल पत्ता एकमेकांना शोभतील एवढे पाहावे, आणि ईमेलसाठी एक्झाम्पल डॉट कॉम हे १९९९ पासून उदाहरणांसाठी राखून ठेवलेले नाव वापरावे. खोटा पण वैध दिसणारा मोबाइल क्रमांक हा बहुधा कोणा तरी अनोळखी माणसाचा खरा क्रमांक असतो, आणि चाचणी प्रणालीने पाठवलेला थकबाकीचा संदेश त्याला पोचू शकतो. संदेश बाहेर जाण्याची वाटच तिथे बंद केलेली असावी.

तारखांना मात्र वेगळीच युक्ती लागते, कारण तिथे मूल्यापेक्षा अंतर महत्त्वाचे असते. बोस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयातील अतिदक्षता विभागाच्या नोंदींपासून तयार केलेला मिमिक-३ हा संशोधकांसाठीचा डेटासंच पाहण्यासारखा आहे. २००१ ते २०१२ या काळातील या नोंदींत प्रत्येक रुग्णाच्या सगळ्या तारखा एकाच अंतराने पुढे ढकलून इसवी सन २१०० ते २२०० या काळात नेलेल्या आहेत. दाखल झाल्यानंतर तिसऱ्या दिवशी रक्ततपासणी झाली असेल तर ती तिसऱ्याच दिवशी राहते. दिवसाची वेळ, वार आणि साधारण ऋतूही जपलेला आहे. दुसऱ्या रुग्णाला वेगळे अंतर दिलेले असल्यामुळे दोघे एकाच वेळी दाखल होते का, हे मात्र कळत नाही. यातून प्रयोगशाळेच्या प्रणालीसमोर पेच उभा राहतो: तिच्याकडे नमुना क्रमांक आणि तारीख एवढेच असेल, तर नुसत्या तारखेवरून नवी तारीख काढता येत नाही, नमुना कोणाचा, हे आधी शोधावे लागते.

येथवर सुसंगती हा गुण म्हणूनच आला. तिची दुसरी बाजू २००६ मध्ये दिसली. एओएल या कंपनीने सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांनी तीन महिन्यांत केलेले जवळजवळ दोन कोटी शोध संशोधनासाठी जाहीर केले. नावे काढून प्रत्येकाला एक क्रमांक दिलेला होता, आणि एका माणसाच्या सगळ्या शोधांना तोच क्रमांक होता. मास्किंग आपल्या व्याख्येप्रमाणे अगदी बरोबर झाले होते. मात्र गावाचे नाव, आडनाव आणि आजारांविषयीचे सुटे शोध एका धाग्यात ओवले गेल्यामुळे न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांना काही दिवसांतच एका क्रमांकामागची स्त्री सापडली. ज्या धाग्यामुळे जॉइन टिकतो त्याच धाग्याने माणसापर्यंत पोचता येते. युरोपचा २५ मे २०१८ पासून लागू झालेला डेटा संरक्षण कायदा, जोडणीची माहिती वेगळी ठेवलेली असली तरी असा टोपणनावाचा डेटा सहसा वैयक्तिकच मानतो, त्याचे कारण हेच.

म्हणून सुसंगती हवी तिथेच आणि हवी तेवढीच द्यावी. चाचणी गटाला एक किल्ली आणि विश्लेषण करणाऱ्या बाहेरच्या संस्थेला दुसरी किल्ली वापरून डेटा दिला, तर प्रत्येकाकडे आतली जोडणी पूर्ण राहते, पण दोघांनी आपापल्या प्रती शेजारी ठेवल्या तरी ४८२१७ दोन्हीकडे एकच आहे हे कळत नाही. किल्ली बदलण्याची किंमतही अगोदर माहीत असावी: नवी किल्ली लागू झाली की गेल्या महिन्यात दिलेली प्रत आणि आजची प्रत एकमेकांना ओळखत नाहीत, त्यामुळे सगळे डेटाबेस एकाच वेळी पुन्हा झाकून द्यावे लागतात. एका डेटाबेसची प्रत रविवारी आणि दुसऱ्याची बुधवारी काढली, तर किल्ली तीच असूनही मधल्या तीन दिवसांतले नवे ग्राहक एकीकडेच दिसतात आणि दोष मास्किंगवर येतो.

काम नीट झाले का, हे तपासायला किल्ली लागत नाही, फक्त मोजावे लागते. माणूस ओळखणाऱ्या क्रमांकांच्या प्रत्येक जातीत वेगवेगळी मूल्ये किती, ही शुद्ध रूपात मोजलेली संख्या मास्किंगच्या आधी आणि नंतर तीच हवी. ती घटली तर टक्कर झाली आहे आणि वाढली तर कुठेतरी एकाच मूल्याची दोन रूपे यंत्रात गेली आहेत. मग महत्त्वाच्या प्रत्येक जॉइनमध्ये किती ओळी येतात, ते दोन्हीकडे मोजावे. आणि सहसा राहून जाते ते शेवटचे मोजमाप म्हणजे न जुळणाऱ्या ओळींचे. खऱ्या डेटात ३१२ कार्डांना कोणताच ग्राहक सापडत नसेल, तर झाकलेल्या डेटातही नेमकी ३१२ कार्डे पोरकी राहिली पाहिजेत. तिथे शून्य आले, तर कोणीतरी मळ धुऊन टाकला आहे.